लेन्स घेण्याआधी बोळ मोजला

सदाशिव पेठेतला मामाचा वाडा पाडणार पाडणार हे गेली दहा वर्षं ऐकत होते, या मे महिन्यात खरंच सगळ्यांच्या सह्या झाल्या. दिवाळीनंतर रिकामा करायचा. आजी गेल्यापासून तिथे मामा-मामी दोघंच राहतात, मागच्या बाजूच्या दोन बिऱ्हाडांनी केव्हाच कोथरूड गाठलं. मी लहानपणी प्रत्येक मे महिन्याची सुट्टी त्या चौकात काढलीये, त्यामुळे ठरवलं की पाडायच्या आधी वाड्याचा कानाकोपरा नीट फोटोत घ्यायचा. मोबाईलवर चार फोटो काढून ठेवायचे असं नाही, व्यवस्थित, भिंती सरळ दिसतील असे, मोठे प्रिंट काढता येतील असे.

कॅमेरा आहे कॅनन २०० डी, सोबत आलेली १८-५५ मिमी किट लेन्स. हा आकडा म्हणजे फोकल लेन्थ, तो जितका लहान तितकं रुंद दृश्य मावतं. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की १८ वर काहीच मावत नाहीये. चौकाच्या या टोकाला पाठ टेकवून समोरची ओसरी घ्यायला गेलं तर खालचा मजला येतो आणि वरची लाकडी गॅलरी अर्धीच, कॅमेरा वर केला की गॅलरी येते पण खांब आत कलंडतात, जणू वाडा मागे पडतोय. देवघरात तर एकच भिंत येते, खोली येतच नाही. आणि बोळातून दर्शनी भाग घ्यायचा म्हणजे समोरच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये घुसून टू-व्हीलरच्या मधे उभं राहायचं, तरी दिंडी दरवाजा आणि एका बाजूच्या दोन खिडक्या, बास.

म्हणजे वाइड अँगल झूम घ्यायची हे नक्की झालं. पुढे सुरू झाली ती माहिती गोळा करायची फेज, आणि त्यात माझे तीन आठवडे गेले. जो भेटेल तो वेगळं सांगतो. ऑफिसमधला मित्र म्हणाला, "अगं आधी फुल फ्रेम घे, क्रॉप बॉडीवर आर्किटेक्चर होत नाही." (फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, क्रॉप म्हणजे माझ्यासारखा लहान सेन्सरचा.) दुकानात म्हणाले एफ २.८ च घ्या मॅडम, नंतर पश्चात्ताप होईल (एफचा आकडा लहान म्हणजे लेन्स जास्त उघडते, जास्त उजेड आत येतो). व्हिडिओ बघावेत तर सगळे रात्रीच्या ताऱ्यांवर नाहीतर व्लॉगिंगवर. मला पाहिजे होतं ते एवढंच, की या बोळातून ही भिंत मावेल का आणि मावली तर सरळ दिसेल का.

शेवटी एका रविवारी मामाकडून जुना टेप घेतला, तोच तो सुताराचा, आणि आम्ही दोघांनी मिळून वाडा मोजला. दर्शनी भिंत १४ मीटर. त्या भिंतीपासून समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीपर्यंत साडेसहा मीटर. चौक साधारण ६ बाय ५ मीटर. कौलांच्या आढ्यापर्यंत उंची अंदाजे ८ मीटर. देवघर आठ बाय आठ फूट. मामा म्हणाला, "पूर्वी खणावर मोजायचे गं, पाच खणी, सात खणी," आणि मग मापं बाजूला राहून अर्धा तास तेच चाललं, कोणत्या खणात कोण झोपायचं, कुठल्या तुळईला पाळणा टांगलेला असायचा.

मापं हातात आली की हिशोब शाळेतलाच आहे. भिंतीची रुंदी गुणिले फोकल लेन्थ, भागिले सेन्सरची रुंदी, म्हणजे किती लांब उभं राहायला लागेल ते. कॅननच्या क्रॉप सेन्सरची रुंदी २२.३ मिमी, निकॉन सोनीच्या क्रॉपची २३.५ च्या आसपास, फुल फ्रेमची ३६. माझी १४ मीटरची भिंत १८ मिमीवर घ्यायची तर ११ मीटरपेक्षा जास्त मागे जायला हवं, तिथे समोरच्यांचं स्वयंपाकघर येतं. उलट बाजूनं बघितलं तर साडेसहा मीटरवरून १८ मिमीला ८ मीटर भिंत दिसते, १२ ला १२ मीटर, ११ ला १३.२ आणि १० ला १४.५. म्हणजे माझ्या वाड्यासाठी उत्तर १० होतं, ११ सुद्धा नाही. एक मिलिमीटरने काय होतंय असं मलाही वाटायचं, पण टेलीला, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सला, १ मिमी म्हणजे काहीच नाही आणि इकडे त्याच १ मिमीत सव्वा मीटर भिंत जाते, अख्खी एक खिडकी.

खोल्यांचं गणित तर अजून सोपं. कोपऱ्यात उभं राहून दोन्ही बाजूच्या भिंती घ्यायच्या तर ९० अंश लागतात, कारण कोपराच ९० अंशाचा आहे. कॅनन क्रॉपवर १० मिमीला आडवा कोन साधारण ९६ अंश, ११ ला ९१ च्या आसपास, १२ ला ८६, म्हणजे १२ वर एक भिंत कापली जाणारच. फुल फ्रेमवर हेच ९० अंश बरोब्बर १८ मिमीला येतात. आणि कॅमेरा काही अगदी कोपऱ्याच्या टोकात शिरत नाही, ट्रायपॉडचे पाय असतात, आपलं डोकं असतं, त्यामुळे थोडा जास्तीचा कोन हाताशी असलेला बरा.

इथेच फुल फ्रेमचा प्रश्न पण मिटला. क्रॉपवर १० म्हणजे फुल फ्रेमवरचं १६, कोन तोच. कॅननची १६-३५ एफ ४ आयएस (आयएस म्हणजे हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन) लेन्स अप्रतिम आहे, मी मित्राची लावून बघितलीये, कडेपर्यंत काय स्वच्छ आहे, पण ती ६१५ ग्रॅम, वर फुल फ्रेम बॉडी नवीन, आणि शेवटी भिंत तेवढीच मावणार. अंधारात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवायचा असता तर फरक पडला असता, पण वाडा कुठे पळतोय, ट्रायपॉडवर चार सेकंदांचं एक्सपोजर दिलं तरी तो हलत नाही. एफ २.८ पण त्याच कारणासाठी सोडलं. इमारतीचे फोटो आपण एफ ८ ला घेतो, जवळचा उंबरा आणि लांबचा खांब दोन्ही शार्प पाहिजेत म्हणून, आणि बहुतेक वाइड झूमचे कोपरे एफ ८ लाच सगळ्यात चांगले असतात. क्रॉपवर एफ ११ च्या पुढे मी जात नाही, छिद्र फार लहान झालं की उजेड पसरतो, त्या डिफ्रॅक्शनने सगळंच जरा मऊ व्हायला लागतं.

मग पैसे कशावर घालायचे, तर माझ्या मते तीन गोष्टींवर. रेषा किती सरळ राहतात, कोपरे कसे आहेत, आणि हातात धरून काढायचं असेल तर स्टॅबिलायझेशन आहे का.

स्टॅबिलायझेशनचं आधी सांगते. स्वतःच्या वाड्यात ट्रायपॉड लावायला कोण अडवणार, पण बाहेर तसं नाही. शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस ही सगळी पुरातत्त्व खात्याकडची ठिकाणं, तिथे ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी लागते. आणि वाइड लेन्सला स्टॅबिलायझेशन कशाला असं जे म्हणतात त्यांनी पाताळेश्वरच्या गाभाऱ्यासमोर एकदा उभं राहून बघावं, आठव्या शतकातली कोरीव गुहा, आत उजेड नावापुरता. १० मिमीला श्वास रोखून, खांद्याने भिंतीला टेकून मी तिथे १/४ सेकंदाला शार्प फोटो काढलाय, त्यात स्टॅबिलायझेशनचाच हात होता.

पाताळेश्वरचंच अजून एक. तिथला अंगणातला नंदीमंडप गोल आहे, वर दगडाचं गोल छत, आणि वाइड लेन्स समजून घ्यायला पुण्यात याच्यापेक्षा चांगली वस्तू नाही. तो फ्रेमच्या मधोमध ठेवला तर ठीक दिसतो, आणि १० वर कडेला नेला की छत अंड्यासारखं लांबतं. हा लेन्सचा दोष नाही हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर कडेच्या वस्तू ताणल्या जाणारच, ही भूमितीच आहे. फुल फ्रेमच्या १६ ला, म्हणजे आपल्या १० ला, डाव्या-उजव्या कडेवरची वस्तू जवळजवळ दीडपट रुंद होते, २४ ला सव्वापट. कितीही महागाची लेन्स लावा, हे असंच राहतं. म्हणून कडेला माणूस उभा करायचा नाही, आणि गोल खांब, रांजण, घंटा असलं काही असेल तर ते मधे घ्यायचं नाहीतर थोडं झूम करायचं.

डिस्टॉर्शन म्हणजे हे नव्हे, ते वेगळं. त्यात सरळ रेषाच वाकते, तुळई मधे फुगते नाहीतर आत जाते. वाड्यात हे लगेच डोळ्यात येतं कारण वाडा म्हणजे नुसत्या रेषा, तुळया, कड्या, खांब, चौकटी, आणि वरची तुळई नेमकी फ्रेमच्या वरच्या कडेला समांतर येते, तिथे केसभर वाकली तरी दिसते. साधं फुगणं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये लेन्सचं प्रोफाइल, म्हणजे त्या लेन्सच्या दोषाचं तयार माप, लावलं की एका क्लिकमध्ये जातं. काही लेन्सचं डिस्टॉर्शन मात्र नागमोडी असतं, मधे फुगलेलं आणि कडेला उलटं, मिशीसारखं, ते हाताने स्लायडर ओढून जात नाही, तिथे प्रोफाइल पाहिजेच. त्यामुळे घ्यायच्या आधी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये त्या लेन्सचं प्रोफाइल आहे का एवढं जरूर बघा. हल्ली मिररलेसच्या काही लेन्स तर मुळातच फुगीर काढतात आणि कॅमेरा आतल्या आत सरळ करून दाखवतो, कॅननची आरएफ १४-३५ एफ ४ त्यातलीच. मला आधी ते फसवल्यासारखं वाटलेलं, पण निकाल बघितला आणि मत बदललं, सरळ झाल्यावरही कोपऱ्यात पुरेसा तपशील राहत असेल तर तक्रार कशाला करायची.

आता कलंडणाऱ्या भिंती. कॅमेरा वर केला की सेन्सर आणि भिंत समांतर राहत नाहीत म्हणून उभ्या रेषा वर जवळ येतात. यावर खरा उपाय टिल्ट-शिफ्ट लेन्स, कॅननची टीएस-ई १७ किंवा २४, तिच्यात कॅमेरा सरळ ठेवून लेन्सच वर सरकवता येते, १२ मिमीपर्यंत. पण ती झूम नाही, ऑटोफोकस नाही, आणि किमतीत माझी स्कूटर येते. वाइड झूमवर मी जे करते ते असं, कॅमेरा उभा धरायचा, लेव्हलमध्ये अगदी सरळ ठेवायचा, वर अजिबात करायचा नाही. खाली नको असलेली फरशी येते ती नंतर कापून टाकायची. २४ मेगापिक्सेलमधला खालचा तिसरा हिस्सा गेला तरी १६ उरतात आणि त्यात १२ बाय १२ इंची चौकोनी प्रिंट छान निघतो. चौकात ६ मीटरवरून उभ्या फ्रेममध्ये १० मिमीला कॅमेऱ्याच्या वर साडेसहा मीटरहून जास्त येतं, म्हणजे ओसरी, गॅलरी, पागोळ्या गळणारी कौलांची कड, सगळं. वाकडा काढून सॉफ्टवेअरमध्ये ताणण्यापेक्षा हे कधीही बरं, ताणल्यावर वरचा भाग पातळ होतो आणि बाजूही कापल्या जातात.

बोळातल्या फोटोला ही युक्ती पुरली नाही. तिथे १४ मीटर रुंदीसाठी कॅमेरा आडवाच लागत होता, आणि रस्त्यावरून आडव्या फ्रेमला सव्वासहा मीटर उंचीपर्यंतच येत होतं, कौलं कापली जात होती. मग समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं तुझ्या आजीनं मला पुरणपोळी शिकवली, गॅलरी काय विचारतेस, ये की." त्यांच्या गॅलरीत कॅमेरा जमिनीपासून साडेचार मीटरवर, म्हणजे वाड्याच्या उंचीच्या जवळजवळ मध्यावर आला, वर कौलं पूर्ण, खाली पायरीसकट दरवाजा पूर्ण, आणि कॅमेरा एकदम सरळ. रविवारी सकाळी साडेसहाला, गाड्या लागायच्या आत. पेठेत फोटो काढणाऱ्यांना माझं एकच सांगणं, लेन्सवर अजून खर्च करायच्या आधी समोरच्या पहिल्या मजल्यावर चहा प्या. आणि गणपतीच्या दिवसांत दर्शनी भागाचे बेत आखू नका, मांडव पडतात, कमानी लागतात, अनंत चतुर्दशी होऊ द्या, नंतरचं ऑक्टोबरचं ऊन इमारतींना सगळ्यात छान असतं.

तर लेन्स कोणती. माझ्यासमोर शेवटी चार होत्या. टोकिना ११-१६ एफ २.८, पण ११ वरच सुरू होते आणि स्टॅबिलायझेशन नाही. सिग्मा ८-१६, ८ मिमीचा मोह प्रचंड होता, पण पुढची काच फुगीर, पुढे स्क्रू करून फिल्टर लागत नाही, आणि पेठेतल्या बोळात पावसात बाहेर आलेली ती काच सांभाळायची मला हिंमत झाली नाही. सिग्मा १०-२०, रेंज सुंदर, स्टॅबिलायझेशन नाही. आणि कॅननची १०-१८ आयएस एसटीएम, २४० ग्रॅम, ६७ मिमी फिल्टर, एफ ४.५ ते ५.६ म्हणून लोक नाक मुरडतात, माउंट प्लॅस्टिकचा. मी ती एका वीकेंडला भाड्याने आणली आणि तीच सेकंडहँड घेतली. निकॉन क्रॉपवाल्यांसाठी तशीच १०-२० एएफ-पी व्हीआर आहे, फक्त जुन्या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालत नाही ते आधी तपासा. सोनीवाल्यांना १०-१८ एफ ४.

सेकंडहँड घेताना एक अनुभव आला तो सांगते, दुकान आणि लेन्स दोन्हीचं नाव घेत नाही. पहिली जी लेन्स बघितली ती दिसायला नवीकोरी, मधे शार्प, पण घरी येऊन फोटो बघितला तर डावी बाजू धुरकट, उजवी स्वच्छ. काचा आत तिरक्या बसलेल्या, डीसेंटर्ड म्हणतात ती. परत करायला दोन हेलपाटे आणि बरीच वादावादी झाली. तेव्हापासून मी दुकानातून बाहेर येऊन लांबच्या, भरपूर खिडक्यांच्या एखाद्या बिल्डिंगचा फोटो काढते, सगळ्यात वाइडला, लेन्स पूर्ण उघडी ठेवून, मग तीच खूण चारही कोपऱ्यांत ठेवून चार फोटो, आणि तिथेच स्क्रीनवर झूम करून बघते. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर चालेल, एकच वेगळा असेल तर घ्यायची नाही.

आता जे मला घ्यायच्या आधी कुणीच सांगितलं नव्हतं ते. पहिल्या आठवड्यात मी सगळं १० वर काढलं. देवघर, माजघर, जिना, सगळं. कॉम्प्युटरवर मामाला दाखवलं तर तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "छान आलेत गं, पण हे आपलं माजघर नाही. एवढं मोठं कुठे होतं? आम्ही आठ भावंडं दाटीवाटीनं झोपायचो." तो बरोबर बोलत होता. १० मिमीला जवळचं खूप जवळ आणि लांबचं खूप लांब जातं, खोलीचा हॉल होतो, बिल्डरच्या ब्रोशरमधल्यासारखा. मी परत गेले आणि माजघर १५ वर काढलं, एकच भिंत, कोनाडा, खुंट्यांची रांग आणि दाराची अर्धी चौकट. ते बघून तो काहीच बोलला नाही, नुसतं खुंटीकडे बोट केलं, आजोबांची टोपी तिथे असायची.

त्यामुळे झूम. नुसती १० ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, असती तर मी १० वरच अडकले असते. वाइड टोक लागतं ते मागे सरकायला जागा नसते तेव्हा, भिंत पूर्ण यावी म्हणून, आणि जिथे दोन पावलं मागे जाता येतं तिथे मागे जाऊन झूम करायचं. आत्तापर्यंत निवडलेले ८६ फोटो झाले, त्यातले १० मिमीवरचे १९ च आहेत, बहुतेक १३ ते १६ मधले. लेन्स तपासताना मधल्या आणि लांबच्या टोकाचे कोपरे पण तेवढ्याच बारकाईने बघा असं म्हणूनच सांगते, सगळे रिव्ह्यू वाइड टोकावरच थांबतात.

वाड्याबाहेर पण हेच दिसलं. विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधून घेतलेला, बाजीराव रोडवरून पूर्ण लाकडी दर्शनी भाग घ्यायचा तर समोरच्या फुटपाथवरून वाइड टोकच लागतं, पण दरवाजावरच्या सज्जाचं कोरीवकाम १८ ला, आणि खरं तर ५५ ला जास्त सुंदर येतं. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ, १७५४ ला सुरू होऊन १७७० ला पुरं झालेलं, समोर जागा आखूड आणि काळा दगड कोरीवकामाने गच्च भरलेला, तिथे १२ वर सरळ समोर उभं राहिले आणि दरवाज्याच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या आल्या, तिथे कोरलेला गेंडा सुद्धा ओळखू येतो. आणि शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर एवढं पटांगण आहे की तिथे वाइड काढूच नका, मागे जा आणि किट लेन्स लावा, १० वर तो भलाथोरला दरवाजा काडेपेटीएवढा होतो.

पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) आणू का असं एकीने विचारलं होतं. वाइडला आभाळात मधेच एक गडद पट्टा येतो, कारण एवढ्या रुंद कोनात आभाळाचा सगळा भाग सारखा पोलराइज झालेला नसतो. मी ओल्या फरशीची चमक काढायला वापरते, आभाळ असेल तेव्हा नाही.

वाड्यातलं आता माळ्याचं काम उरलंय. तिथे उंची साडेचार फूट, एकच कवडसा येतो, तो सकाळी नऊ ते साडेनऊ. जुन्या तांब्याच्या घागरी अजून तिथेच आहेत, मामी म्हणाली हलवू नकोस, आहेत तशाच घे. ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरून कॅमेरा फुटाभरावर येतो ते काल घरी करून बघितलं. या रविवारी जातेय.